गावच्या ज्योतिर्विदाचा दिवस कसा साजरा करावा : मुरुडच्या दीक्षितांच्या निमित्ताने

दीक्षितांची जयंती जुलैत येते, म्हणून मोठा कार्यक्रम जुलैत ठेवू नका. कोकणात त्या महिन्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तारे तर सोडाच. शाळेच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत असतो की पहिल्या बाकावरच्या मुलालासुद्धा पाहुण्यांचं भाषण ऐकू जात नाही. त्या दिवशी फोटोला हार घालावा, नारळ वाढवावा, मुलांना खाऊ द्यावा आणि घरी जावं. ज्या माणसाने जन्मभर आकाशाचा हिशेब मांडला, त्याचा दिवस आभाळ मोकळं असतानाच व्हायला हवा. आमच्या भागात त्यासाठी दोन चांगले मुहूर्त आहेत: मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस आणि दिवाळीच्या अंधाऱ्या संध्याकाळी.

मी दापोली तालुक्यात गणित-विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित आमच्या तालुक्यातल्या मुरुडचे. खालचं सगळं मुरुड आणि आसपासची गावं डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. तुमच्या गावात असा कोणी होऊन गेला असेल तर माणूस बदला, अक्षांश बदला. कृती तीच चालेल.

आधी माणूस ओळखा

कागदाची एक बाजू भरेल इतकीच माहिती लिहून काढा, साध्या मराठीत. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, शाळेत वाचा, गावाच्या मुंबई मंडळाला व्हॉट्सॲपवर पाठवा. आमच्या कागदावर काय असावं ते सांगते.

जन्म जुलै 1853, मुरुड, तालुका दापोली. (जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, ते रायगड जिल्ह्यात. हे आधीच लिहा, नाहीतर मुंबईहून निघालेला पाहुणा भलतीकडे पोचतो.) मृत्यू एप्रिल 1898, पुण्यात, वयाची पंचेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जन्म आणि मृत्यू दोन्हींच्या नेमक्या तारखेबद्दल छापील नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून दगडावर किंवा फलकावर कोरताना महिना आणि वर्षच घाला. पेशाने शाळामास्तर. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा ठिकाणी नोकरी. ती सांभाळून त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा वेदकाळापासूनचा इतिहास मराठीत लिहिला. तो 1896 साली प्रसिद्ध झाला. पुढे भारत सरकारने त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं. शिलालेखांवरच्या तिथी-वारांवरून इंग्रजी तारीख काढायला उपयोगी पडणारा ग्रंथ त्यांनी रॉबर्ट सिवेल यांच्याबरोबर इंग्रजीत केला, तोही 1896 चाच. गुप्त राजांचा संवत नेमका कधी सुरू झाला हे ठरवताना शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांना दीक्षितांच्या गणिताचा आधार मिळाला.

मुरुडला महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून सगळे ओळखतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच गावातल्या दुसऱ्या मुलाने काय करून ठेवलं हे समुद्रावर आलेल्या पर्यटकाला सांगणारं कोणी भेटत नाही. मला हे फार लागतं. शिक्षकाच्या पगारात, पंचांगं आणि जुन्या पोथ्या गोळा करून, एकट्या माणसाने हे काम उभं केलं.

कागदावर एक ओळ ठळक असू द्या: दीक्षित आकाशाचं गणित करणारे होते, पत्रिका पाहणारे नव्हेत. ही ओळ नसेल तर कार्यक्रमाच्या दिवशी तीन-चार जण मुलीची कुंडली घेऊन हमखास येतात.

यानंतर विषय ग्रामसभेत मांडा. मेमधला कार्यक्रम असेल तर 26 जानेवारीच्या सभेत ठराव करून घ्या. 1 मेपर्यंत थांबलात तर हातात दहाच दिवस उरतात. ठरावात तीन गोष्टी नावानिशी येऊ द्या: जागा, पथदिवे बंद ठेवायची परवानगी आणि फलकाची जागा. बाकीचं तोंडी जमतं.

मे : सावली नाहीशी होते तो दिवस

मुरुडचा अक्षांश साधारण 17.8 अंश उत्तर. उत्तरायणात सूर्य रोज थोडा वर सरकत येतो आणि 11 मेच्या आसपास मध्यान्ही बरोबर आपल्या डोक्यावर असतो. त्या क्षणी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच पडते. वेळ घड्याळाच्या बाराची नव्हे, 12 वाजून 34 मिनिटांच्या आसपासची, कारण आपलं घड्याळ 82.5 रेखांशाचं आणि आपण 73 च्या जवळ. असाच दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा येतो, पण तो पावसात वाया जातो.

मे महिना दुसऱ्या कारणानेही बरा. चाकरमानी गावी आलेले असतात, घराघरात मुंबई-पुण्याची मुलं असतात, आंबे-फणस चालू असतात. बारा महिन्यांत गाव एवढं भरलेलं गणपती आणि शिमगा सोडले तर कधी नसतं.

सामान असं: पीव्हीसी पाइपचे हातभर तुकडे, दोन्ही टोकं काटकोनात कापलेली, गवंड्याकडची पाणसळ आणि ओळंबा, पाट किंवा प्लायचा सपाट तुकडा. पाट पाणसळीने लेव्हल करा, त्यावर पाइप उभा करा, ओळंब्याने तपासा. एवढं केलं तर सावली खरोखर नाहीशी होते. पाइप तिरका राहिला की एका बाजूला काळी कोर दिसत राहते आणि मुलं म्हणतात, "बाई, आहे की सावली!" घरून तांबे, पेले, पावडरचे डबे आणायला सांगा, ज्याला सरळ उभी बाजू आहे ते सगळं चालतं. मुलांनी सूर्याकडे बघायचं नाही, जमिनीकडे बघायचं, हे आधी दोनदा बजावा.

म्हाताऱ्या माणसांसाठी मांडव हवाच. मेच्या दुपारी त्यांना उन्हात उभं करू नका. सव्वाबाराला सगळे जमवा, पाऊण वाजता सोडा. कोकम सरबत आणि थंड पाणी मांडवात. भाषण सावली गेल्यानंतर, आधी नाही, आणि तेही दहा मिनिटांचं.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. दीक्षितांच्या नोकरीची गावं नकाशावर मांडा आणि प्रत्येकासमोर तिथल्या शून्य सावलीचा दिवस लिहा. मुरुड 11 मे. बार्शी 12 किंवा 13. पुणे आणि रेवदंडा 13-14. ठाणे 16-17. धुळे 24-25. म्हणजे दोन आठवड्यांत सूर्य दीक्षितांच्या एकेका गावावरून जातो. त्या त्या गावातल्या एका तरी शिक्षकाचा फोन नंबर मिळवा आणि मुलांना त्या दिवशी फोन करू द्या: "सर, तुमच्याकडे आज सावली गेली का?" आणि जी मुलं सुट्टी संपवून ठाण्याला परत जातात, त्यांना तोच प्रयोग आपल्या गच्चीवर पुन्हा करायला मिळतो. आमच्याकडची एक मुलगी पाइपाचा तुकडा पिशवीत घालून घेऊन गेली होती आणि तिथल्या सोसायटीतल्या सगळ्यांना तिने खाली बोलावलं. अक्षांश म्हणजे काय हे मी फळ्यावर किती वर्षं शिकवलं, पण एका पाइपाच्या तुकड्याने ते जास्त चांगलं शिकवलं.

दिवाळी : कृत्तिका पूर्वेला उगवतात का?

हा कार्यक्रम खरा दीक्षितांचा. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कृत्तिकांबद्दल, म्हणजे त्या नावाच्या तारकापुंजाबद्दल, एक वाक्य आहे: "एता ह वै प्राच्यै दिशो न च्यवन्ते". म्हणजे कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रं ढळतात. दीक्षितांनी हे वाक्य कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट म्हणून वाचलं, आणि कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत होत्या तो काळ गणिताने काढला. उत्तर आलं इसवी सनापूर्वी सुमारे 3000 वर्षं. या निष्कर्षावर अभ्यासकांत वाद आहे, वाक्याचा अर्थ वेगळा लावणारेही आहेत; मुलांना तेही सांगा. पण आज कृत्तिका कुठे उगवतात हे स्वतः पाहायला कोणाची हरकत नाही.

त्यासाठी आधी खरी पूर्व काढावी लागते. मोबाइलमधल्या होकायंत्राने नको. बाजूला लोखंडी खांब असला की ते भरकटतं. जुनी रीत घ्या. ती डिसेंबरात करून ठेवा, कारण 21 डिसेंबरच्या आसपास सूर्य उत्तर-दक्षिण जवळजवळ हलत नाही आणि रेघ चोख येते. पुढल्या दिवाळीपर्यंत ती टिकवायची.

शाळेच्या पटांगणात किंवा सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळावर, सपाट जागा शोधा. एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवा, हा शंकू. तिच्या पायाला दोरी बांधून दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ फक्कीने काढा. सकाळी सावली लांब असते, वर्तुळाबाहेर. ती आखडत आखडत आत येते, आणि तिचं टोक वर्तुळाला शिवतं तिथे खिळा ठोका. आमच्या अक्षांशावर हे दहाच्या सुमारास होतं. दुपारी सव्वातीनला टोक पुन्हा वर्तुळाला शिवून बाहेर जातं, तिथे दुसरा खिळा. दोन खिळे जोडणारी रेघ बरोबर पूर्व-पश्चिम. सकाळचा खिळा पश्चिमेचा, दुपारचा पूर्वेचा. दुपारच्या खिळ्याला एक मुलगा आधीपासून बसवून ठेवा. सगळे जेवायला जातात आणि सावली कोणासाठी थांबत नाही.

जागेचा प्रश्न मात्र किनाऱ्यावरच्या गावांना नडतो. मुरुडचा समुद्र पश्चिमेला, पूर्वेला डोंगर आणि माडा-पोफळीच्या बागा. कृत्तिका क्षितिजाजवळ पाहायच्या तर किनारा सोडून वर सड्यावर जायला हवं, जिथे जांभ्याचा कातळ मोकळा पसरलेला असतो आणि पूर्वेकडे झाडांचा आडोसा नसतो. दिवसा जाऊन जागा पाहून या. रात्री सड्यावर जाताना सगळ्यांच्या पायात बूट हवेत; फुरसं हा विषारी साप कातळावर असतो आणि तो दिसत नाही. हातात काठी, पुढे-मागे एकेक जाणता माणूस, बॅटरीच्या काचेला लाल जिलेटीन कागद. लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत, आणि पाऊलवाट तेवढ्यात दिसते.

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत संध्याकाळी चंद्र नसतो, किंवा असला तर कोरीएवढा, लवकर मावळणारा. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली तर कृत्तिका साडेसातच्या सुमारास उगवतात, नोव्हेंबरात आली तर सातच्याही आधी. क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यातून वर यायला त्यांना थोडा वेळ लागतो, घाई करू नका. लक्ष्मीपूजनाची रात्र टाळा, फटाक्यांच्या धुरात काही दिसत नाही. भाऊबीजेची संध्याकाळ मला सगळ्यात सोयीची वाटते, घरी आलेले पाहुणेही बरोबर येतात.

मुलांना पूर्व-पश्चिम रेघेवर उभं करा, तोंड पूर्वेकडे. हात लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. रेघेपासून उत्तरेकडे, म्हणजे डाव्या हाताला, मुठी मोजत जायचं. अडीच मुठी झाल्या की कृत्तिकांचा पुंजका सापडतो. आठवीतल्या एका मुलीने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं आणि जोरात म्हणाली, "बाई, ह्या पूर्वेला नाहीतच!" तेवढं एक वाक्य निघालं की तुमचा कार्यक्रम झाला, कारण पुढचा प्रश्न मुलंच विचारतात: मग तेव्हा कशा होत्या?

उत्तर तिथेच, सड्यावर द्या. पृथ्वीचा आस दमत आलेल्या भोवऱ्याच्या आरेसारखा सावकाश गोल फिरतो, एका फेरीला सुमारे 26,000 वर्षं. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो आकाशातला बिंदू, दर 72 वर्षांनी एक अंश मागे सरकतो. याला अयनचलन म्हणतात. पाच हजारला बहात्तरने भागायला सांगा. 69 येतात. तेवढे अंश संपात मागे आला, आणि तेव्हा आकाशातल्या विषुववृत्तावर असलेल्या, म्हणून बरोबर पूर्वेला उगवणाऱ्या कृत्तिका आज त्याच्या उत्तरेला 24 अंशांवर आहेत. दीक्षितांनी केलं ते गणित याहून पुष्कळ सूक्ष्म होतं, पण त्याचा गाभा सातवीतलं मूल करू शकतं. पंधरवड्याने त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या जवळ दिसेल, कार्तिक महिन्याचं नाव तिथून आलं. तेवढं गृहपाठ म्हणून द्या.

दोन घटका अंधार

दीक्षितांनी सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं, ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे 48 मिनिटं. सड्यावर ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी देवळाच्या आवारात 48 मिनिटं वाचन ठेवा आणि तेवढा वेळ गावचे पथदिवे बंद. वायरमनशी आदल्या दिवशी बोलून घ्या. समुद्रावरच्या हॉटेलवाल्यांना समक्ष जाऊन भेटा, पत्र पाठवून उपयोग नाही. त्यांच्या फ्लडलाइटचा उजेड अर्ध्या आकाशावर चढतो. बहुतेक जण ऐकतात, आणि आपल्या पर्यटकांनाही पाठवतात.

लेखक जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे जाहीर वाचनाला कोणाची परवानगी लागत नाही. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत. वाचणाऱ्याने घरी दोनदा मोठ्याने वाचून यावं. ज्या तारकेचं वर्णन येईल ती दुसऱ्याने हाताने दाखवावी.

फलक आणि पैसा

पुतळ्याला माझा विरोध नाही. पण तो शेवटी. आधी शंकू उभा करा, कायमचा, सिमेंटच्या ओट्यावर, आणि पूर्व-पश्चिम रेघ ओट्यात पितळी पट्टीने बसवून घ्या. लोखंडी कमान किंवा पाटी लावू नका. खाऱ्या हवेत आणि आमच्या पावसात ती काही वर्षांत गंजून पडते. जांभ्यावर अक्षरं टिकत नाहीत, तो सच्छिद्र दगड. काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरून घ्या. मजकूर थोडा: नाव, जन्मगाव, महिना-वर्ष, "शिक्षक आणि ज्योतिर्विद", आणि त्याखाली वापरायची सूचना: "या पट्टीवर उभे राहा. समोर पूर्व आहे. कृत्तिका डाव्या हाताला अडीच मुठींवर उगवतात." उद्घाटन कोणी केलं याची नावं वेगळ्या छोट्या पाटीवर.

पैशाचं कोणी विचारलं तर त्यांना पाटणचं उदाहरण सांगा. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख शके 1128 चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या मराठी भागात लिहिलं आहे की पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला दिला. ज्योतिर्विदाचं स्मारक म्हणजे त्याचं शास्त्र शिकवण्याची सोय, आणि खर्च गावच्या बाजारपेठेचा. याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आमच्याकडे मुंबई मंडळ, दुकानदार आणि हॉटेलवाले मिळून हे सहज पेलतात. वर्गणीचा हिशेब कार्यक्रमानंतर आठवड्यात फलकावर लावा, पावत्यांसकट.

दुसऱ्या गावांनी प्रयोग निवडताना आपल्या माणसाचं काम पाहावं. ओडिशातल्या खंडपड्याचे सामंत चंद्रशेखर बांबू आणि लाकडाची यंत्रं स्वतः बनवून ग्रह मोजत. तिथल्या मुलांनी त्यांच्यासारखं टी आकाराचं मानयंत्र करून डोंगराची उंची मोजावी. अलिबागजवळच्या नागावला केरूनाना छत्र्यांचा दिवस असेल तर त्यांच्या ग्रहसाधनाच्या कोष्टकांची आठवण म्हणून मुलांनी महिनाभर एका ग्रहाची जागा वहीत मांडावी. सगळीकडे दुर्बीण आणून रांग लावण्याची गरज नाही. रांगेत पाऊण तास उभं राहून मुलाला मिळतात दहा सेकंद.

सामानाची एक पत्र्याची पेटी करा: ओळंबा, पाणसळ, दोरी, खिळे, पाइपचे तुकडे, लाल कागद. आत एक जाड वही ठेवा. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, कोणी मोजलं आणि किती मुठी भरल्या हे मुलांनीच लिहायचं. पेटी शाळेत, किल्ली आठवीच्या वर्गशिक्षकांकडे. बदली झाली तर चार्ज देताना किल्ली आणि वहीची नोंद चार्ज-यादीत घालायला विसरू नका.